'हौस' म्हणालात म्हणून एवढं सविस्तर लिहितेय

नमस्कार. वर्गातल्या भाववाही प्रकटवाचनाबद्दल, म्हणजे अर्थाप्रमाणे आवाजात चढउतार करत मोठ्याने वाचण्याबद्दल, मी लिहिलं होतं त्यावर तुमची कमेंट वाचली. कालच उत्तर लिहायला घेतलं होतं पण डोक्यात राग होता म्हणून ठेवून दिलं, आज शांतपणे लिहितेय, निदान प्रयत्न तरी तोच आहे.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुम्ही म्हणता, हा सगळा 'नाटकाची हौस असलेल्या शिक्षकांचा कार्यक्रम' आहे, धीट मुलं भाव खाऊन जातात आणि लाजाळू मुलांची भर वर्गात फजिती होते. शिवाय परीक्षेत मूकवाचनच लागतं आणि पोर्शन संपवायचा असताना एवढा वेळ कुणाकडे असतो.

आधी एक मान्य करते. 'दहा मिनिटांत होतं' असं मी लिहिलं होतं ते चूक होतं, मोठ्या वर्गात वीस मिनिटं सहज जातात. मजकुरात दुरुस्ती केलीय.

आता 'हौस'. हा शब्द तुम्ही एका कमेंटमध्ये तीनदा वापरलाय. मतभेद असायला काहीच हरकत नाही हो, पण वर्षानुवर्षं एक माणूस एखादं काम मन लावून करतोय आणि तुम्ही त्याला न भेटता, त्याचा एकही तास न बघता ती हौस ठरवून मोकळे होता, हे मला लागलं. 'पद्धत पटत नाही' असं लिहिलं असतंत तरी मुद्दा तेवढाच पोचला असता.

आणि फजितीबद्दल मला सांगताय? मी पाचवीत असताना बाई बाकांच्या क्रमाने एकेकाला उभं करून एकेक परिच्छेद वाचायला लावायच्या. माझा नंबर यायच्या आधी मी पुढची मुलं मोजायचे, मला कुठला परिच्छेद येणार ते शोधायचे आणि तेवढाच मनात घोकत बसायचे, बाकीचा धडा कानावरून जायचा. एकदा मधलं एक मूल गैरहजर निघालं, परिच्छेद बदलला, पहिल्याच जोडाक्षराला अडकले आणि वर्ग हसला. बाई म्हणाल्या, बस खाली. त्यानंतर दोन वर्षं मी वर्गात मोठ्याने वाचलं नाही, नंबर आला की घसा दुखतो म्हणायचे.

सातवीत दुसऱ्या बाई आल्या. त्या कुणालाच तयारीशिवाय उभं करत नव्हत्या. आधी स्वतः वाचायच्या आणि आम्ही पुस्तकात बोट ठेवून ऐकायचं, मग सगळ्यांनी मिळून, मग शेजारच्याबरोबर जोडीत, तोच उतारा चार-पाच वेळा. दुसऱ्या दिवशी ज्याला वाटेल त्याने वर्गासमोर. सगळ्यांबरोबर वाचताना माझा आवाज इतरांच्या आवाजात झाकला जायचा, तिथेच माझी जीभ सुटली. म्हणून सांगते, तुम्ही ज्याला नावं ठेवताय ते अचानक उभं करणं आहे आणि त्याला माझाही विरोधच आहे. मी लिहिलं होतं ते या दुसऱ्या बाईंच्या पद्धतीबद्दल. कमेंट करण्याआधी पूर्ण वाचलं असतंत तर कळलं असतं.

ही पद्धत माझ्या बाईंनीही घरी बसून शोधलेली नाही. वाचनावर संशोधन करणारे अमेरिकेतले एस. जे. सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये पुनर्वाचनाची पद्धत मांडली, छोटा उतारा, हवा तेवढा सफाईदार होईपर्यंत परत परत वाचायचा आणि मगच पुढचा घ्यायचा. त्यामागचा विचार सरळ आहे, अक्षरं जुळवण्यातच सगळं लक्ष खर्च झालं तर अर्थासाठी काही उरत नाही. २००० साली अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेलनेही, म्हणजे वाचन शिकवण्यावरचं संशोधन तपासणाऱ्या समितीनेही, त्यांच्या अहवालात मार्गदर्शनाखालच्या, फीडबॅक देत करून घेतलेल्या प्रकटवाचनाचा वाचनाच्या सफाईला आणि आकलनाला फायदा होतो असंच म्हटलंय.

'नाटकी' या शब्दावर तर बोलायलाच हवं. एका उताऱ्यात संवाद होता, 'बरं, या आता.' एका मुलाने तो सरळ, सपाट वाचला. मी विचारलं, तो पाहुण्याला घरात बोलावतोय की निरोप देतोय? मुलगा गप्प. मग दोन ओळी वर गेला, तिथे पाहुणा चपला घालत होता. म्हणाला, निरोप देतोय, पण बाई, त्याआधी त्यांचं भांडण झालंय, म्हणजे हाकलतोय! आणि मग तेच तीन शब्द त्याने असे तोडून वाचले की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा वर बघायला लागली. हातवारे नाहीत, आवाज चढवणं नाही. कुठे थांबायचं, कुठल्या शब्दावर जोर द्यायचा, वाक्याच्या शेवटी आवाज उतरवायचा की वर ठेवायचा हे ठरवायला आधी अर्थ लावावा लागतो. 'तू जेवलास' हे विधान आहे की प्रश्न हे कागदावर एक चिन्ह सांगतं, तोंडातून फक्त आवाज सांगतो. मूल चुकीच्या जागी थांबलं की मला लगेच कळतं त्याला वाक्य कुठे कळलं नाही. मूकवाचन करणाऱ्या मुलाकडे बघून ते कळत नाही, पान उलटलं एवढंच दिसतं.

हां, आवाज काढून टाळ्या घेणारं वाचनही मी बघितलंय आणि मला ते आवडत नाही. पण त्यावरून सगळ्यांना झोडपू नका.

परीक्षेत मूकवाचन लागतं, लागू दे, मी ते बंद करा असं कुठे म्हटलंय? वेळेचं म्हणाल तर आठवड्यातून दोनदा करा, रोज कोण म्हणतंय.

तुम्ही स्वतः शिकवता असं लिहिलंयत म्हणून सांगते, एकच छोटा उतारा घ्या, आधी तुम्ही वाचा, मग जोड्या करा आणि आठवडाभर तोच ठेवा, ज्या मुलाची फजिती होईल असं वाटतं त्याच्या जोडीशेजारी उभं राहून ऐका. नाहीच पटलं तर इथेच लिहा, मी उत्तर देईन. फक्त हौस म्हणू नका.