खरी औषधं बंद केली म्हणे

"खरी औषधं सरकारने बंद केली. आता मिळतं ते नुसतं महागडं पाणी."

आप्पा हे फवारणीच्या औषधांबद्दल बोलले आणि कांद्याचा भाव, झेडपीची तिकिटं, सगळं बाजूला पडलं. पिंपळगावातला आमचा कट्टा म्हणजे पतसंस्थेच्या बंद शटरपुढच्या तीन पायऱ्या. वयाच्या मानाने आप्पा सगळ्यात वर बसतात आणि मतंही तिथूनच खाली सोडतात.

"एंड्रिन होतं, फॉलिडॉल होतं. एकदा मारलं की आठ दिवस वावरात मुंगी फिरत नव्हती. बाजरीवर बीएचसीची धुरळणी आम्ही उघड्या अंगाने केली. फॉलिडॉलची पावडर हाताने कालवायचो. काय झालं आम्हाला?"

"तुम्हाला काही झालं नाही म्हणून तुम्ही इथे बसलात," मास्तर म्हणाले. "ज्यांना झालं ते कट्ट्यावर कसे येतील?"

मास्तरांनी तीस-पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंय. निवृत्त झाले तरी फळा सुटलेला नाही. त्यांना मध्येच थांबवायचं तर चहा मागवावा लागतो. तो मागवला, पण उशिरा.

"फॉलिडॉल म्हणजे पॅराथिऑन. ते पहिल्यांदा बनवलं गेरहार्ड श्रेडर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने, १९४४ च्या सुमारास. याच माणसाने कीटकनाशक शोधता शोधता १९३६ मध्ये टाबुन आणि १९३८ मध्ये सरीन काढलं होतं. हे दोन्ही युद्धातले विषारी वायू. म्हणजे आप्पा, तुम्ही हाताने जे कालवत होता ते सरीनचं धाकटं भावंड."

"भावंड असेल. पण आळी मरत होती ना?"

"आळीची नस आणि तुमची नस एकाच पद्धतीने चालते, तिथेच तर घोटाळा आहे," बाळू म्हणाला. तो ग्रामीण रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. एरवी कट्ट्यावर कमी बोलतो, पण या विषयात त्याला तोड नाही. त्याने समजावलं ते असं: नस स्नायूला निरोप देते तो अ‍ॅसिटिलकोलिन नावाच्या रसायनातून. निरोप पोचला की ते पुसून टाकणारं एक एन्झाइम अंगात असतं. या जातीची औषधं नेमकं तेच एन्झाइम बांधून टाकतात. मग निरोप थांबतच नाही. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या बारीक, छातीत घरघर. माणूस बाहेरच्या हवेत बसून आतल्या पाण्यात बुडतो.

"अ‍ॅट्रोपिन द्यायचं. अँप्युल ०.६ मिलिग्रॅमची. भारी केस असली तर छाती कोरडी होईपर्यंत एकामागून एक फोडत राहायचं, डझनावारी जातात. आणि दोन दिवसांनी पेशंट उठून बसला, घरचे मोसंबी सोलायला लागले, की आमची धाकधूक वाढते. एकाएकी त्याला मान उचलवत नाही. मग श्वास जातो. तेव्हा व्हेंटिलेटर जवळ पाहिजे. तो तालुक्याला कुठला?"

एवढं ऐकून आप्पा जरा थबकले. विलास मात्र थबकणाऱ्यातला नाही. त्याचं कृषी सेवा केंद्र आहे, वडिलांपासूनचं.

"हे सगळं खरं, पण औषधाने माणूस मरत नाही, निष्काळजीपणाने मरतो. डब्यावर उभा चौकोन असतो. वरच्या अर्ध्यात कवटी, खालच्या अर्ध्यात लाल रंग. लाल म्हणजे अतिजहाल. त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरव्यावरसुद्धा सावधान लिहिलेलं असतं. आत माहितीपत्रक असतं. कोण वाचतं? मी हातमोजे देतो, तर ते घरी बाई भांडी घासायला घेते. मास्क द्यावा तर म्हणतात गुदमरतं. वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून फवारतात, नोझल तुंबलं की तोंडाने फुंकतात. यात कंपनीचं काय चुकलं, माझं काय चुकलं?"

बोलणं लागण्यासारखं होतं, कारण नोझल फुंकणारे आम्ही सगळ्यांनी पाहिलेत. पण उत्तर आलं ते गजूभाऊंकडून. ते मूळचे यवतमाळकडचे, बँकेच्या बदलीने इकडे आलेले.

"मले एक सांगा विलासभाऊ. २०१७ ले मी गावातच होतो. त्या वर्षी कपाशी मानसाच्या डोक्याच्या वर गेली होती. बोंडअळीनं समदे घाबरले होते. फवारा वर धरला का निम्मं औषध तोंडावरच येते. वरून ऊन, दमट हवा, अंगातून नुसत्या धारा. त्यात तुमचा तो रबरी कोट घालून कोन चार तास चालनार? तुम्ही चालून दाखवा, मी पंप भरून देतो."

"पण मिसळून मारत होते ना? तीन-तीन औषधं एकत्र करून..."

"मारत होते. सांगनारा कोन होता? दुकानदारच! अन् एक ध्यानात घ्या, जो मारते तो वावराचा मालक नसते. रोजानं जाते. आज याचं वावर, उद्या त्याचं, परवा तिसऱ्याचं. त्याले तुमचं पत्रक कोनी दाखवलं? डबा मालकाच्या घरी, पंप त्याच्या पाठीवर."

यवतमाळमध्ये त्या हंगामात वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पोचली, काहींच्या डोळ्यांवर आलं. सरकारने चौकशीला एसआयटी नेमली. नोव्हेंबरात विदर्भाच्या पाच जिल्ह्यांत मोनोक्रोटोफॉससकट पाच औषधांची विक्री दोन महिन्यांसाठी थांबवली. तोपर्यंत फवारणीचा हंगाम सरत आला होता. गजूभाऊंनी हे सांगितलं तेव्हा विलास चहाच्या कपाकडे बघत होता. त्याला माणसांची पर्वा नाही असं अजिबात नाही. गावात कुणाला झटका आला तर पहिली गाडी त्याचीच निघते. पण दुकानाचा विषय निघाला की तो दुकानदार होतो, आणि त्यालाही इलाज नाही.

माझं मत मी तिथे मांडलं ते इथेही मांडतो. खबरदारी घ्यायला हवी हे बरोबरच. पण कामाच्या जागी माणूस चुकणारच. पान्हा निसटतो, टोपण सैल राहतं, वारा फिरतो. अशा साध्या चुकीची शिक्षा मरण असेल, तर माणूस सुधारण्याच्या आधी डबा हटवला पाहिजे. आणि हटवताना सगळीच औषधं हटवावी लागत नाहीत. मॅलाथिऑन घ्या. पॅराथिऑनच्याच कुळातलं, पण उंदरावरच्या चाचणीत पॅराथिऑन त्याच्या दीडशेपटीहून जहाल निघतं. थायमेटमधलं फोरेट तर हजारपट. सगळं एका पारड्यात टाकून 'औषध पाहिजे की नको' असा वाद घालण्यात अर्थ नाही. नेमकं कोणतं औषध, एवढंच विचारावं.

"म्हणूनच तर कायदा झाला," मास्तरांनी पुन्हा सूत्रं घेतली. "१९५८ साली केरळात गव्हाच्या पिठातून विषबाधा झाली, शंभरच्या वर माणसं मेली. जहाजात खाण्याच्या मालाबरोबर फॉलिडॉल भरलं होतं, ते गळून त्यात उतरलं. चौकशीला बसले मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा. हो, पुढे आणीबाणीच्या चौकशीने गाजले तेच. कीटकनाशक कायदा आला १९६८ ला, नियम १९७१ ला. आता पुढचा हिशेब बघा. इथाइल पॅराथिऑनवर, म्हणजे मूळ फॉलिडॉलवर, बंदी १९७४ ला. एंड्रिनवर १९९० ला. बीएचसीवर १९९७ ला. आणि त्याचंच भावंड मिथाइल पॅराथिऑन, म्हणजे आप्पांची फॉलिडॉल पावडर, २०१८ पर्यंत चालू! केरळच्या त्या प्रकारानंतर साठ वर्षं."

"२०१८ च्या त्या बंदीच्या यादीत कार्बारिल पण होतं ना?" बाळूने विचारलं.

"होतं. दुकानातलं नाव सेविन. भोपाळला युनियन कार्बाइडचा कारखाना जे बनवायला उभा होता तेच. १९८४ ला शहर मेलं, औषध पुढे चौतीस वर्षं दुकानात होतं."

यावर कुणी काही बोललं नाही. थायमेट, नुवान आणि डिमेक्रॉन ही औषधंही २०१८ च्या त्याच आदेशात होती, पण त्यांना २०२० च्या डिसेंबर अखेरपर्यंत मुदत होती. थायमेटचा वास ज्याने एकदा घेतलाय त्याला तो पोत्यावरून ओळखू येतो. आप्पांनी तेवढ्यात मान हलवली, बहुतेक वास आठवला असावा.

"मोनोचं काय?" संजूने विचारलं. संजूची द्राक्षबाग आहे, माल युरोपला जातो. म्हणून तो या वादात अंमळ वरून बोलतो.

मोनो म्हणजे मोनोक्रोटोफॉस. अमेरिकेने ते १९८८ मध्येच बाद केलं. आपण २००५ मध्ये भाजीपाल्यावर मारायला मनाई केली. बाकी पिकांवर चालू ठेवलं. एकाच दुकानात एकच बाटली कपाशीसाठी कायदेशीर आणि वांग्यासाठी बेकायदा, आणि बाटली कुठे रिकामी झाली ते बघायला कुणी नाही. २०१३ च्या जुलैत बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामनच्या शाळेत भात-भाजी खाऊन २३ मुलं गेली. तेलात मोनो निघालं. तरी बाजारातल्या ३६ टक्केवाल्या मोनोवर बंदीचा आदेश निघाला तो २०२३ ला. मधल्या दहा वर्षांत यवतमाळ होऊन गेलं.

विलास आता उसळला. "तुम्ही नुसत्या तारखा सांगताय. मोनो का चालत होतं ते सांगा. स्वस्त होतं म्हणून! ते गेलं की त्याच्या जागी जे येतं त्याची छोटी बाटली घेताना शेतकरी दोनदा पाकीट उघडतो आणि मिटतो. पेटंट संपून जे गावोगाव बनायला लागलं ते धोकादायक, आणि बड्या कंपनीचं नवं आलं ते सुरक्षित. असं कसं दरवेळी जमतं? बंदीचा खर्च कोण भरतो? दोन एकरवाला भरतो."

यातलं अर्धं मला पटतं. बंदीच्या आदेशात तारीख असते, पर्यायाची किंमत नसते. सरकारने जहाल औषध काढून घेताना सौम्य औषध परवडेल असं केलं नाही, तर माणूस चोरून जुनंच वापरतो, आणि चोरीच्या डब्यावर लेबलही नसतं. उरलेलं अर्धं मात्र मुळीच पटत नाही. स्वस्त म्हणताना दवाखान्याचं बिल कुणी धरत नाही.

"श्रीलंकेने बंदी घातली आणि देश बुडाला," विलासने हुकमाचा पत्ता टाकला. "२०२१. सगळं सेंद्रिय करायला निघाले. भात पडला, चहा पडला, सहा-सात महिन्यांत निर्णय गुंडाळावा लागला."

"ते वेगळं," बाळू म्हणाला. "खतं आणि औषधं एका रात्रीत सरसकट बंद करणं हा येडेपणाच होता. पण त्याच श्रीलंकेने त्याच्याआधी पंचवीस वर्षं दुसरं काम केलं होतं, ते कुणी सांगत नाही. १९९५ पर्यंत त्यांनी अतिजहाल वर्गातली औषधं टप्प्याटप्प्याने बंद केली, १९९८ ला एंडोसल्फान. तेव्हा त्यांच्याकडे लाखामागे ४७ आत्महत्या होत होत्या. २००५ ला २४. दारू तीच, कर्ज तेच, भांडणं तीच. उत्पादनही त्या बंदीमुळे घटलं नाही. माणसं रागाच्या भरात घरात जे असेल ते उचलतात. घरातलं विष कमी जहाल असलं की आमच्या हातात वेळ येतो. दुसऱ्या दिवशी तोच माणूस डॉक्टरचे पाय धरून वाचवा म्हणतो. मी बघितलंय."

एंडोसल्फानचा विषय निघाल्यावर कासरगोड येणारच होतं. काजूच्या बागांवर वीसेक वर्षं हेलिकॉप्टरने फवारलं, खाली वस्ती होती. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने देशभर बंदी घातली. बाधितांना पाच-पाच लाख देण्याचा आदेश २०१७ चा. यावर वाद झाला नाही. तिथे मास्क घालायचा कुणी, हा प्रश्न विलासलाही सुचला नाही.

संजूने मग आपलं पुराण लावलं. २०१० ला आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. क्लोरमेक्वाट, म्हणजे वेलीची वाढ रोखायचं आपलं सीसीसी, त्याचा अंश सापडला. तेव्हापासून निर्यातीच्या बागेत अ‍ॅनेक्शर फाइव्हच्या, म्हणजे मंजूर औषधांच्या यादीच्या, बाहेरचं काही मारायचं नाही, पीएचआय, म्हणजे फवारणी ते काढणीतलं अंतर, पाळायचा, नमुना लॅबला, रिपोर्ट आल्याशिवाय काढणी नाही. "शिस्त लागते. लावली की लागते," तो म्हणाला.

"म्हन्जे जर्मनीतल्या पोरानं द्राक्ष खाल्लं तर त्याच्या पोटात किती गेलं ते तुम्ही मोजता," गजूभाऊ म्हणाले. "फवारणीच्या ब्लोअरवर बसलेल्या तुमच्या ड्रायव्हरच्या रक्तात किती गेलं, ते मोजलं का कधी?"

संजूला उत्तर नव्हतं. रक्तातलं ते एन्झाइम तपासता येतं, बाळूने सांगितलं. फवारणीच्या हंगामाआधी एकदा आणि मधे एकदा तपासलं की उतरतंय का ते कळतं. साधी तपासणी आहे. संजू म्हणाला, यंदा करून घेऊ. करेल का माहीत नाही. पण पाच जणांसमोर बोललाय.

निघता निघता मास्तरांनी विलासला विचारलं, "तुझ्याकडे पॅराक्वाट आहे?"

"आहे. तणनाशक आहे, परवान्यात आहे."

"त्याला उतारा नाही, माहिताय ना? स्वित्झर्लंडने १९८९ ला बंद केलं, युरोपने २००७ ला."

"आपल्याकडे नाही ना केलं? ज्या दिवशी आदेश येईल त्या दिवशी काढून टाकतो. आदेशाआधी मी एकट्याने काढलं तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. डबा तोच, वावर तेच, फक्त पैसे त्याला. मग काय साधलं सांगा."

मास्तर काही सांगणार एवढ्यात वरच्या पायरीवरून आप्पा उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "ते तुमचं चालू द्या. विलास, माझे दोन लिटर ठेवलेत ना? बांधाला गवत फार झालंय."

बाळू म्हणाला, "आप्पा, यंदा बांध खुरप्याने काढा. मजुरी मी देतो."

"दोन माणसांची?"

"दोन माणसांची."

"मग त्यांचा चहा पण तुझ्याकडेच," म्हणत आप्पा पायऱ्या उतरले. विलासने वहीतून ऑर्डर खोडली का, ते उद्या कळेल.