सरांनी बॅटरी वाचवली

लाईट गेली यात लिहिण्यासारखं काही नाही, पुण्याच्या नऱ्ह्यात लाईट जातेच. गुरुवारी जाते ती निदान मेसेज पाठवून जाते, त्या दिवशी आपण शेड झाडतो नाहीतर उधारी मागत फिरतो. परवा मंगळवारी न सांगता गेली, दुपारी सव्वातीनला, गणपतीला ८ दिवस राहिलेले आणि मशीनवर ४ तासांच्या जाळीचे अडीच तास झालेले.

माझं सीएनसी राउटर आहे, म्हणजे कॉम्प्युटर सांगेल तशी नक्षी लाकडात कापणारं मशीन. थर्माकोलच्या मखरांवर २०१८ ला बंदी आली तेव्हापासून आमच्यासारख्यांचा श्रावण बरा जातो, एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, ८ बाय ४ फुटांच्या शीटमधून कमानी, जाळ्या, मोर, काय म्हणाल ते कापून देतो. पण मशीनला स्वतःची अक्कल नसते हो, सगळी अक्कल शेजारच्या जुनाट कॉम्प्युटरमध्ये. तो सांगणार इतकी पावलं डावीकडे, मोटर जाणार. करंट गेला की मोटर सैल पडते, कॉम्प्युटर सगळं विसरतो, आणि बिटाखाली, म्हणजे कापणाऱ्या पात्याखाली, कागद सरकवून सरकवून लावलेला झिरो, म्हणजे मोजायची सुरुवात जिथून ती जागा, जातो देवाघरी.

म्हणून यूपीएस, लाईट गेली की लगेच बॅटरीवर घेणारा डबा. पहिल्या वर्षी शहाणपणा करून तो फक्त कॉम्प्युटरला लावला. लाईट गेली, मोटरा मेल्या, आणि कॉम्प्युटर स्क्रीनवर एकटाच फुलं काढत बसला. मग मोटरांचा सप्लायसुद्धा यूपीएसवर घेतला. आता मोटरा चालू पण बिट फिरवणारा स्पिंडल बंद, कारण ३ किलोवॅटचा स्पिंडल बॅटरीवर चालवायचा तर शेड गहाण टाकावी लागेल. न फिरणारा बिट लाकडातून फरफटत गेला आणि खट्ट. तेव्हा कुठे अक्कल आली आणि एक छोटा रिले बसवला, लाईट गेली की तो कॉम्प्युटरला सांगतो थांब रे बाबा. सगळं जागच्या जागी थांबतं, लाईट आली की बिट वर घ्यायचा, स्पिंडल फिरवायचा, पुढे चालू. आत १२ व्होल्ट ७ एएचच्या दोन बॅटऱ्या, नव्या असताना वीसेक मिनिटं काढतात, दोन-तीन वर्षांत म्हाताऱ्या होतात. (मेव्हणे म्हणतात घरचा इन्व्हर्टर लाव की. आमचा इन्व्हर्टर लाईट घेताना डोळा मारतो, तेवढ्यात कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. तीन वेळा समजावलंय. दर दिवाळीला परत विचारतात.)

तर परवाही सगळं नियमाप्रमाणे थांबलं, यूपीएस टुंय टुंय करायला लागला. पोरगा चहा आणायला गेलेला. मी बाहेर गेलो, कारण लाईट गेली की आपलीच गेली की सगळ्यांची हे बघितल्याशिवाय मराठी माणसाला चैन पडत नाही, आणि सगळ्यांची गेली असली की जो गारवा वाटतो तो एसीतही नाही. समोरच्या फॅब्रिकेशनवाल्याचीही गेली होती. पाचेक मिनिटं बोललो असेन. आत एक काका बसले होते, सोसायटीच्या मखराची चौकशी करायला आलेले, त्यांच्या भरवशावर शेड सोडून.

परत आलो तर शांतता. आधी बरं वाटलं. मग लक्षात आलं की ही शांतता बरी नाही.

"काका, यूपीएस बंद कसा झाला?"

"मी केला."

इतकं सरळ उत्तर आलं की मला पुढचा प्रश्नच सुचेना.

"केव्हाचं ओरडत होतं ते. आधी दाबलं तर नुसतं टुंय केलं. मग ३ सेकंद धरून ठेवलं, तेव्हा बंद झालं." म्हणजे चुकून धक्का लागला असंही नाही. कंपनीने बटण मुद्दाम तसं केलंय, कोणाचा हात लागून बंद होऊ नये म्हणून. चिकाटीने धरून ठेवणारा माणूस कंपनीने गृहीत धरला नव्हता.

"अहो, पण का?"

"हे बघ. लाईट नाही. बरोबर?"

"बरोबर."

"लाईट नाही म्हणून मशीन बंद. बरोबर?"

"हो, पण..."

"मग मशीन बंद असताना बॅटरी कशासाठी जाळायची? मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. बॅटरीत रासायनिक ऊर्जेचं विद्युत ऊर्जेत रूपांतर होतं, आणि काही ऊर्जा उष्णतेच्या रूपात वाया जाते. हात लावून बघ, गरम आहे अजून."

आणि मी हात लावून बघितला! चाळिशी उलटलेला माणूस, दोन कर्जं डोक्यावर, आणि "हात लावून बघ" म्हटल्यावर लावला. गरम होतंच. "हो सर," म्हणालो. तोपर्यंत काका होते, त्या क्षणापासून सर झाले.

मशीन बंद नव्हतं सर, थांबलं होतं, हे मी तीन प्रकारे सांगून बघितलं. थांबणं आणि बंद होणं यात फरक काय, असं त्यांनी मलाच विचारलं, आणि खरं सांगतो, लाईट नसलेल्या शेडमध्ये उभं राहून तो फरक दाखवता येत नाही.

लाईट २० मिनिटांत आली. वीसच! बॅटरीने काढली असती, नाहीतर अठराव्या मिनिटाला मेली असती, पण तिला मरायचा चान्स तरी मिळायला हवा होता. डोळ्याने कोपरा धरून झिरो परत लावला, बिट खाली सोडला. अर्धा मिलिमीटर चुकला. साध्या फळीत अर्धा मिलिमीटर कोणाच्या बापाला दिसत नाही, जाळीत मात्र प्रत्येक पाकळीला पायरी पडते. पावणेदोन हजारांची शीट गेली, अडीच तास गेले, आणि गिऱ्हाईकाला संध्याकाळी सातचा शब्द दिलेला. त्या गिऱ्हाईकाचं मी काय काय ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही. हे लोक जूनमध्ये का येत नाहीत? गणपती काय अचानक ठरतात?

सर सगळं होईपर्यंत बसून होते. पोरगा चहा घेऊन आला, माझ्या वाटचा त्यांनी घेतला, शुगरमुळे अर्धाच. मग उठून ती शीट उजेडात धरून बघितली.

"वरचा भाग चांगला आलाय की रे."

"हो सर, लाईट जायच्या आधीचा आहे."

"मग हा आता टाकून देणार तू?"

मी काही बोललो नाही.

"तेवढा कापून दे. आमच्या बाल्कनीला बरोबर बसेल. तुझंही नुकसान नको, फुकटच जाणार होतं ना ते."

दिला. कडेला सँडपेपर मारून दिला, रिक्षापर्यंत पोरगा पोहोचवून आला. सोसायटीचं मखर त्यांनी दुसरीकडे टाकलंय, तिथे जनरेटर आहे म्हणे.