"आपल्या कुमार संघानं कधी काय जिंकलंय?" या मेसेजला उत्तर

बेळगावातली टिळकवाडी, शहापूर, नाहीतर आसपासचं खानापूर, निपाणी, कुठल्याही पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: २०१७ ला भारताच्या १७ वर्षांखालच्या फुटबॉल संघाला वर्ल्ड कपमध्ये यजमान म्हणून फुकट जागा मिळाली आणि तिन्ही सामने हरून तो बाहेर पडला. आशियात आपल्या पोरांनी आजवर एकही किताब मिळवला नाही, आणि जे थोडंफार जिंकलं ते वय लपवून. त्या संघातली मुलं पुढे कुठं गेली कुणाला ठाऊक नाही. फुटबॉल हा मणिपूर-बंगालचा खेळ, आपल्या सीमाभागाचा त्याच्याशी संबंध नाही, तेव्हा मुलाला मैदानावर पाठवून वर्षं वाया घालवू नका.

मी लेले मैदानावर संध्याकाळी पोरांना फुटबॉल शिकवतो. हा मेसेज वाचून काही पालकांनी मुलांना घरी बसवलंय. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पहिला मुद्दा फुकट जागेचा. यजमानाला पात्रता फेरी खेळावी लागत नाही हे खरं. पण तो नियम भारतासाठी केलेला नाही, प्रत्येक यजमानाला तो लागू असतो. २०१३ ला यूएई यजमान होता आणि तोही गटातले तिन्ही सामने हरला. जागा कशी मिळाली यापेक्षा त्या जागेवर उभं राहून पोरांनी काय केलं हे बघायला हवं, आणि त्यासाठी आपला गट कोणता होता ते आधी बघा. अमेरिका, कोलंबिया, घाना. या तिघांचेही शेवटी सहा-सहा गुण झाले आणि तिघेही पुढच्या फेरीत गेले. घाना आणि अमेरिका तर उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचले. त्या गटात सोपा सामना एकही नव्हता.

आता निकाल. अमेरिकेकडून ०-३. त्यातला शेवटचा गोल बसला त्याच्या काही क्षण आधी अन्वर अलीचा फटका समोरच्या गोलपोस्टच्या आडव्या दांड्यावर आदळला होता. तो आत गेला असता तर १-२, परत फिरला आणि अमेरिकेच्या लगेचच्या उलट चढाईत ०-३. घानाकडून ०-४, तिथं मात्र आपण खरोखर कमी पडलो, पळण्यातही आणि ताकदीतही. ते मी झाकणार नाही. पण ९ ऑक्टोबरचा कोलंबियाचा सामना ज्यांनी पाहिलाय त्यांनी हा मेसेज पुढं ढकलला असेल असं मला वाटत नाही.

पहिल्या अर्धात आपल्या राहुल कन्नोलीचा फटका खांबाला लागला. मध्यंतरानंतर लगेच पेन्यालोसानं कोलंबियाला पुढं नेलं. तरी आपली पोरं मागं सरली नाहीत. ८२ व्या मिनिटाला कॉर्नर मिळाला. तो मारला संजीव स्टॅलिननं, बंगळूरचा मुलगा, आपल्याच कर्नाटकातला. उंचपुरा जीक्सन सिंग गर्दीतून वर उठला आणि त्यानं हेडर मारून चेंडू जाळ्यात घातला. फिफाच्या कुठल्याही वर्ल्ड कपमधला भारताचा तो पहिला गोल. दिल्लीचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम अक्षरशः हाललं. पुढच्याच मिनिटाला पेन्यालोसानं दुसरा गोल केला आणि १-२ वर सामना गेला.

गोल केल्यानंतरचं पहिलं मिनिट सगळ्यात धोक्याचं असतं. पोरं आनंदात असतात, मागची रांग विस्कटलेली असते, कोण कुणाला धरून उभा आहे याचं भान सुटलेलं असतं. त्या दिवशी तेच झालं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांकडून झालेली ती चूक होती, आणि अशी चूक त्या पातळीवर खेळल्याशिवाय सुटत नाही. मी माझ्या पोरांना ते दोन गोल मोबाईलवर लागोपाठ दाखवतो. पहिला हेडर शिकायला, दुसरा गोलनंतर आपापल्या जागी कसं परतायचं ते शिकायला.

दुसरा मुद्दा, आशियात काहीच जिंकलं नाही. हे धडधडीत खोटं आहे. १९७४ साली बँकॉकला झालेल्या आशियाई युवा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत आणि इराण २-२ असे बरोबरीत राहिले आणि दोघांना संयुक्त विजेते ठरवलं गेलं. कर्णधार होता हैदराबादचा शब्बीर अली. आज इराण आशियातल्या बलाढ्य संघांत मोजला जातो, आणि त्या वेळी आपण त्यांच्या बरोबरीनं करंडक उचलला. युवकांचा पहिला वर्ल्ड कप ट्युनिशियाला झाला तो १९७७ मध्ये, सोळा वर्षांखालच्यांचा तर १९८५ मध्ये चीनला. म्हणजे शब्बीर अलीच्या संघापुढं जायला जागतिक स्पर्धाच नव्हती. मेसेज लिहिणाऱ्यानं ही साधी गोष्टसुद्धा तपासलेली नाही.

अलीकडचं हवं असेल तर २०१८ घ्या. मलेशियात सोळा वर्षांखालची आशियाई स्पर्धा होती आणि प्रशिक्षक होते गोव्याचे बिबियानो फर्नांडिस. व्हिएतनामला १-० हरवलं, इराण आणि इंडोनेशियाबरोबर ०-० बरोबरी. गटात एकही गोल खाल्ला नाही. उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाकडून ०-१ असे हरलो. तो सामना जिंकला असता तर पुढच्या वर्षीच्या वर्ल्ड कपमध्ये यजमान म्हणून नव्हे, पात्र ठरून गेलो असतो. पूर्ण स्पर्धेत आपल्यावर झालेला तो एकमेव गोल. त्याआधी २००२ लाही आपण याच स्पर्धेत शेवटच्या आठांत होतो.

त्याच २०१८ च्या ऑगस्टमध्ये स्पेनच्या कोटिफ स्पर्धेत आपल्या वीस वर्षांखालच्या संघानं अर्जेंटिनाला २-१ हरवलं. उत्तरार्धात आपल्या एकाला लाल कार्ड मिळालं, दहाच जण उरले, तरी अन्वर अलीनं फ्री किकवर दुसरा गोल केला. समोरच्या बाकावर अर्जेंटिनाचा प्रशिक्षक होता लिओनेल स्कालोनी, ज्यानं चार वर्षांनी मेस्सीच्या संघाला वर्ल्ड कप जिंकून दिला. ही मैत्रीच्या पातळीवरची स्पर्धा होती, तिला मी वर्ल्ड कपच्या पंक्तीला बसवत नाही. दक्षिण आशियाई, म्हणजे सॅफच्या स्पर्धा आपली पोरं वारंवार जिंकतात, त्यांचंही अवास्तव कौतुक नको. पण "एकही नाही" आणि "हवं तेवढं नाही" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

वय लपवण्याच्या आरोपावर फार वेळ घालवत नाही. फिफाच्या सतरा वर्षांखालच्या स्पर्धेत २००९ पासून मनगटाचा एमआरआय काढतात. मनगटाजवळच्या हाडाचा वाढीचा भाग पूर्ण जुळलेला दिसला की मुलगा बाद. शाळेत घालताना जन्मतारीख पुढं-मागं करायची खोड आपल्याकडं जुनी आहे, हे मान्य. पण कागद खोटा असू शकतो, हाड नाही. पालकांनीही आत्तापासून खरी तारीखच लावावी, नाहीतर पोरगं वर गेल्यावर तिथंच अडकेल.

आता ती पोरं कुठं गेली? मला या मेसेजमधलं हेच वाक्य सगळ्यात जास्त लागलं, कारण यात त्या मुलांच्या मेहनतीचा अपमान आहे. वर्ल्ड कपनंतर त्यांना पांगू न देता 'इंडियन ॲरोज' नावानं आय-लीग या देशातल्या क्लबांच्या स्पर्धेत मोठ्या माणसांच्या संघांसमोर उतरवलं. पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला ३-० हरवलं. जीक्सन सिंग पुढं वरिष्ठ भारतीय संघात आला. सुरेश सिंग वांगजम बंगळूर एफसीकडून खेळू लागला, तोही देशाकडून खेळला. लालेंगमाविया, ज्याला सगळे अपुया म्हणतात, तोही वरिष्ठ संघात. अन्वर अलीला तर २०१९ मध्ये हृदयाचा विकार निघाला, खेळायचं की नाही हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि तो परत येऊन २०२२ मध्ये वरिष्ठ संघात उतरला. सगळेच एवढे पुढं गेले नाहीत, कुठल्याही देशाच्या कुमार संघातले सगळे जात नाहीत. पण एका संघातून इतके जण वर पोचले, त्याला कुणी 'गायब' म्हणत असेल तर त्यानं सामने बघितलेले नाहीत.

शेवटचा मुद्दा आपल्या भागाचा. २०१७ च्या एकवीस जणांत आठ मणिपूरचे होते हे खरं, आणि त्याचा आदरच आहे. पण त्याच एकवीसमध्ये अनिकेत जाधव होता. कुठला? कोल्हापूरचा. रिक्षावाल्याचा मुलगा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. ॲरोजच्या त्या ३-० च्या सामन्यातले दोन गोल त्याचे. २०२२ मध्ये हैदराबाद एफसीनं फातोर्ड्याला आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा किताब जिंकला, त्या संघातही तो होता. फातोर्डा म्हणजे आपला चोर्ला घाट उतरल्यावरचा गोवा, आणि कोल्हापूर म्हणजे निपाणी ओलांडली की आलंच. पेठांतल्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात तेव्हा तिथं पाय ठेवायला जागा नसते. कर्नाटकातून स्टॅलिनबरोबर हेन्ड्री अँटनीही त्या संघात होता. गोवा, कोल्हापूर आणि कर्नाटक, तिन्हीकडचा फुटबॉल जिथं एकमेकाला भेटतो ते गाव बेळगाव आहे. लष्करी छावणीमुळं इथं हा खेळ पिढ्यान्पिढ्या आहे. कॅम्पातली आणि टिळकवाडीतली म्हातारी माणसं अजून जुन्या सामन्यांच्या गोष्टी सांगतात.

आपली खरी अडचण वेगळीच आहे. आपली पोरं खेळतात कोल्हापूर आणि गोव्याच्या संघांशी, पण राज्य संघात निवड व्हायची तर ती कर्नाटकातून, आणि चाचणीसाठी बऱ्याचदा ५०० किलोमीटरवरचं बंगळूर गाठावं लागतं. चौदा वर्षांच्या पोराला एकट्याला कोण पाठवणार? बापाला दुकान किंवा नोकरी सोडून दोन दिवस जाता येत नाही. तिथं मुलगा चमकत नाही असं नाही, तो तिथं पोचतच नाही. यावर बोलणारा मेसेज मला अजून एकही आलेला नाही.

मैदानावरचा दीड तास दहावी बुडवत नाही, हे मी रोज बघतो. पुढच्या निवड चाचणीची तारीख लागली की मी ग्रुपवर टाकतो. ज्यांना पोराला न्यायचंय त्यांनी आधी कळवा, राणी चन्नम्मा एक्स्प्रेसची तिकिटं एकत्रच काढू आणि दोघा-तिघा पालकांनी आळीपाळीनं सगळ्यांबरोबर जायचं ठरवू.