डेस्कटॉप गेला कुठं?

बॅटरी मेली की लॅपटॉप हा लॅपटॉप राहत नाही, वायरीला बांधलेलं जनावर होतो. आमच्याकडचा केव्हाच झालाय. मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ला जाऊन बसतो. मग एखाद्या संध्याकाळी वळीव येतो आणि पहिला थेंब पडायच्या आधी वीज जाते. अशा वेळी आमचे हे महाशय 'शटडाऊन' वगैरे शिष्टाचार न पाळता जागच्या जागी आडवे होतात.

परवा वीज आली, महाशय उठले, पण मला ओळखेनात. सिद्धेश्वर तलावाचा फोटो गायब. नुसता निळा पडदा आणि कोपऱ्यात एकटी रिसायकल बिन. खाली उजवीकडे बारीक अक्षरांत निरोप, की तुम्ही तात्पुरत्या प्रोफाइलने आत आला आहात. हप्ते भरून घेतलेल्या लॅपटॉपात मी तात्पुरता!

बाकी फायलींचं एवढं वाटलं नसतं. पण त्यांत 'आहेर' नावाची एक्सेल फाइल होती. धाकट्या भावाचं लग्न तोंडावर आलेलं, आणि माझ्या लग्नात कुणी काय दिलं याचा एकमेव लेखी पुरावा तो. सोलापूरकरांची आहेराची यादी वाचायला सोपी असते. चादर डबल, चादर सिंगल, टॉवेल-टोपी, पुन्हा चादर डबल. तरी ती लागतेच. डबल देणाऱ्याच्या हातात सिंगल पडली तर पुढच्या पिढीपर्यंत ऐकून घ्यावं लागतं.

शेजारच्या काकांनी "बंद करून चालू करा" सांगितलं. केलं. निळाच. नवी पेठेतल्या दुकानदारानं झाकणही न उघडता निदान केलं, "फॉरमॅट मारावं लागतंय सर. डेटाची गॅरंटी नाही." हल्ली या लोकांकडं सगळ्या रोगांवर हे एकच औषध असतं. वर त्यानं विचारलं, "अजून विंडोज सेव्हनच वापरताय?" त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२०लाच संपला म्हणे. ऐन सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत! आम्ही तेव्हा होम मैदानावर बत्तासे खात... असो, आम्हाला कोण सांगणार.

घरी आलो तर आईनं आठवून सांगायला आणि बायकोनं टाइप करायला घेतलं होतं. रात्री उशिरापर्यंत दोघींनी अख्खी यादी नव्यानं उभी केली आणि डेस्कटॉपवर ठेवली. सकाळी लॅपटॉप सुरू केला, तर तीही नाही. तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये ठेवलेलं सगळं लॉग ऑफ होताना पुसलं जातं, हे ज्ञान आम्हाला नंतर झालं. त्या सकाळचा चहा मी स्वतः केला.

शेवटी इंजिनिअरिंगवाला भाचा आला. सी ड्राइव्ह, त्यात यूजर्स. तिथं एक फोल्डर 'टेम्प' नावाचा आणि शेजारी माझ्या नावाचा.

"मामा, काय बी गेलं नाही. सगळं हितंच हाय की!"

होतंच. यादी, फोटो, तलावसुद्धा. आपल्या सगळ्या आवडीनिवडी विंडोज एका फाइलीत लिहून ठेवतं. मधेच वीज गेल्यानं ती फाइल त्याला उघडता येईना, म्हणून त्यानं माझ्या जागी एक तात्पुरता माणूस उभा केला. भाच्यानं आधी सगळं पेनड्राइव्हवर घेतलं. मग रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची आतली नोंदवही, उघडली. प्रोफाइल लिस्टमध्ये एकच लांबलचक नंबर दोनदा, त्यातल्या एकाच्या मागं 'डॉट बाक' असं शेपूट. शेपूटवाला खरा मी, बिनशेपटाचा तोतया. तोतयाचं नाव बदललं, माझं शेपूट काढलं, रिस्टार्ट. तलाव परत आला.

फाइल उघडून मी मोठ्यानं वाचायला लागलो. आई शेंगा निवडत ऐकत होती.

"अक्कलकोटच्या मावशी, चादर डबल."

"सिंगल," आई म्हणाली.

"अगं, इथं डबल लिहिलंय."

"लिहू दे. मी घडी उघडून बघितलेली."

बायकोनं कीबोर्ड ओढून घेतला आणि दुरुस्ती केली.