वादळानंतर बांबू घेऊन डीपीकडे निघालेल्यांसाठी

मे संपत आला की किनाऱ्यावरच्या गावांच्या ग्रुपवर एक लांबलचक मजकूर हमखास फिरायला लागतो. वर ‘निसर्ग’ आणि ‘तौक्ते’ वादळांचे फोटो, खाली सल्ले. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वादळ गेलं की धोका गेला. लाइट कंपनी लोकांना मुद्दाम अंधारात ठेवते, तेव्हा तिची वाट बघू नका. लाइट नसताना तारा मेलेल्याच असतात, त्या ओढून बाजूला करा. डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, डीओ (फ्यूजची नळी) बांबूने चढवा. जनरेटर घरच्या प्लगमध्ये उलटा जोडून वाडी उजळा, पाऊस असेल तर तो पडवीत घ्या. नळ बंद असेल तर विहिरीच्या पाण्यात तुरटी फिरवा आणि प्या. शेवटी ‘आत्मनिर्भर गाव’ आणि जोडलेले हात.

माझी सगळी नोकरी सबस्टेशनात पॅनलसमोर गेली. हा मजकूर लिहिणाऱ्याची कळकळ खोटी वाटत नाही, पण त्यातल्या तीन सल्ल्यांनी माणूस मरतो.

आधी ‘मुद्दाम’चं बघू. तो आरोप अर्धा खरा आहे. वादळ यायच्या आधी फिडर, म्हणजे सबस्टेशनातून गावांकडे जाणारी लाइन, मुद्दामच बंद करतात. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आलं तेव्हा वारा ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. अशा वाऱ्यात माड आणि पोफळी आडव्या होतात आणि नेमक्या तारांवर येतात. त्या वेळी तारांत ११ किंवा २२ हजार व्होल्ट खेळत असावेत असं कोण म्हणेल? नंतरच्या उशिराचं कारण वेगळं आहे. वीज वरून खाली येते: आधी महापारेषणची मोठी लाइन, मग ३३ केव्ही (३३ हजार व्होल्टची) लाइन, मग गावाकडचा फिडर, मग डीपी, मग एलटी म्हणजे कमी दाबाची लाइन आणि सगळ्यात शेवटी खांबावरून घरात येणारी तुमची सर्व्हिस वायर. आपल्या वाडीतला डीपी धडधाकट दिसतो, पण पाच-दहा किलोमीटर मागे रानात खांब मोडून पडलेले असतात, ते आपल्याला दिसत नाहीत. ‘निसर्ग’नंतर श्रीवर्धन, म्हसळा, दापोली, मंडणगडकडच्या कित्येक वाड्यांनी कित्येक आठवडे अंधारात काढले. राज्याच्या दुसऱ्या भागांतून माणसं आणून खांब उभे करावे लागले. खांब, तार, इन्सुलेटर पावसाळ्याआधी तालुक्याच्या गोदामात का नसतात, हे जरूर विचारा. तो प्रश्न रास्त आहे.

आता तार. ‘लाइट नाही म्हणजे तार मेलेली’ हे वाक्य मला शक्य असतं तर प्रत्येक ग्रुपवरून पुसून टाकलं असतं. फिडर ट्रिप झाला, म्हणजे दोषामुळे आपोआप बंद पडला, की ऑपरेटर थोड्या वेळाने एक ‘ट्राय’ घेतो, म्हणजे लाइन पुन्हा चार्ज करून बघतो. नुसती फांदी घासून गेली असेल तर फिडर टिकतो. तुमच्या आवाठात तार पडलीय ही खबर त्याच्यापर्यंत पोचलीच नसेल, तर तार तुमच्या हातात असताना तिच्यात वीज येते. उलटंही घडतं. तार कोरड्या कातळावर किंवा झाडाच्या शेंड्यावर पडली तर जमिनीत उतरणारा करंट इतका थोडा असतो की रिले, म्हणजे दोष ओळखून लाइन बंद करणारं यंत्र, काम करत नाही. तार जिवंत आणि सबस्टेशनला पत्ता नाही. ना ठिणगी, ना आवाज. शिवाय तीनपैकी एकच फेज गेलेली असते तेव्हा तुमच्या घरात काळोख असतो आणि त्याच खांबावरच्या बाकी दोन तारा चालू असतात.

हात लावला नाही म्हणजे सुटलो, असंही नाही. ओल्या जमिनीवर तार पडली की तिच्याजवळ विजेचा दाब (व्होल्टेज) जास्त, लांब जावं तसा कमी. तुमचं एक पाऊल जास्त दाबावर आणि दुसरं कमी दाबावर पडलं की त्या फरकानेच करंट एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. गुरं आधी मरतात ती यामुळेच. त्यांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, आणि करंटची वाट छातीतून जाते. म्हैस कोसळली म्हणून दावं सोडायला धावलेला धनी तिच्या शेजारी पडतो. तारेपासून किमान दहा मीटर लांब राहा. फार जवळ आल्याचं उशिरा लक्षात आलं तर पाय उचलू नका, दोन्ही पावलं एकमेकांना लागून ठेवत घसटत मागे या. १९१२ वर कळवा आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना माणूस उभा करा.

बांबूचा सल्ला गावोगाव पाळला जातो, आणि त्याचंच मला जास्त भय. डीओ म्हणजे डीपीच्या वर तिरप्या बसवलेल्या तीन नळ्या, आत फ्यूजची तार. ती जळली की नळी आपोआप खाली लोंबते. कोणीतरी हुशार माणूस लांब बांबूने ती परत वर ढकलतो आणि एखाद्या वेळी लाइट येतेही. म्हणून तर सल्ला टिकलाय. पण ओला बांबू वीज वाहून नेतो. शिवाय फ्यूज जळला त्याअर्थी पुढे कुठेतरी दोष आहे. त्या दोषावर लाइन घातली की वर आगीचा लोळ उठतो आणि वितळलेलं धातू खाली, ढकलणाऱ्याच्या तोंडावर येतं.

याहून वाईट गोष्ट वेगळीच. नळी जळलेली नसून काढलेली असू शकते. लाइनमन पुढच्या गाळ्यात (दोन खांबांमधल्या भागात) खांबावर चढायचा असला की याच नळ्या उतरवून डीपी लाइनपासून तोडतो. त्याच्या जिवाची हमी तेवढीच. वादळानंतर तो तुमच्या नजरेपलीकडे, दोन पऱ्यांच्या पार, बाहेरगावाहून आलेला आणि ओळखही नसलेला असतो. आमच्यातले काही जुने लाइनमन त्या नळ्या खांद्याच्या पिशवीत घालून वर न्यायचे, कारण खाली ठेवलेली नळी कोणीतरी सापडली म्हणून चढवील ही धास्ती. रिकाम्या जागी जाड तार गुंडाळून काम भागवणारेही मी पाहिलेत. त्यांच्याविषयी न बोललेलं बरं.

जनरेटरचं गणितही असंच आहे. दोन टोकांना पिना असलेली वायर करून तो घरच्या प्लगात जोडला आणि मेन स्विच चालूच राहिला, तर वीज मीटरमधून उलटी खांबावर जाते. डीपी ११ हजारांचे २३० करतो, तसाच उलट्या दिशेने २३० चे हजारो करतो. यावर एक शंका नेहमी येते: छोटा जनरेटर अख्ख्या वाडीचा लोड ओढणार कसा, तो बंदच पडेल. एरवी बरोबर. पण वादळानंतर लोड असतो कुठे? अर्ध्या लोकांनी मेन पाडलेले, पुढचा गाळा तुटलेला. अशा वेळी लाइनवर जवळपास काहीच उरत नाही आणि जनरेटर मजेत चालू राहतो. लाइनमन आपल्या बाजूने अर्थिंग करतोच, म्हणजे तारा जमिनीला जोडतोच, पण एलटी खांबावर प्रत्येक घराची सर्व्हिस वायर म्हणजे वीज यायची वेगळी वाट असते. त्याला मारायला २३० पुरेसे आहेत, हजारोंची गरज नाही. इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच, म्हणजे घर एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकालाच जोडणारा स्विच, बसवून घ्या. तो नसेल तर फ्रीज, बल्ब, चार्जर थेट जनरेटरच्या सॉकेटात लावा, घराच्या वायरिंगला हात नको.

आणि जनरेटर पडवीत नको, गोठ्यात नको, खिडकीखालीही नको. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात ‘लॉरा’ वादळ येऊन गेलं, तिथल्या मृतांमध्ये वाऱ्यापावसातून वाचून मग जनरेटरच्या धुराने गेलेले बरेच होते. घरापासून सहा मीटर तरी लांब, वर पत्र्याचा आडोसा, चारी बाजू मोकळ्या. पेट्रोल ओतण्याआधी तो बंद करून निवू द्या. छतावर सोलर आहे म्हणून निश्चिंत असणाऱ्यांनाही एक सांगणं: बॅटरी नसलेलं, लाइनला जोडलेलं सोलर लाइट गेली की स्वतःहून बंद होतं, आणि ते लाइनमनसाठीच तसं केलेलं आहे.

तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी खळखळून उकळा. विहिरीत पुराचं पाणी शिरलं असेल तर ब्लीचिंग पावडर लागते. साधारण प्रमाण १००० लिटरला २.५ ग्रॅम, आणि तासभर तरी पाणी वापरायचं नाही. गढूळ, घाण शिरलेल्या विहिरीला एवढ्याने भागत नाही, तिथे आरोग्य सेवकाला बोलवा. क्लोरीन उतरलंय की नाही ते तो ओटी चाचणीने बघतो.

राहिलं ‘वादळ गेलं की धोका गेला’. पोर्तो रिकोत २० सप्टेंबर २०१७ ला ‘मारिया’ आलं. सरकारचा मृतांचा आकडा कित्येक महिने ६४ होता. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाने पुढच्या फेब्रुवारीपर्यंतचे जादा मृत्यू मोजले तेव्हा अंदाज २,९७५ वर गेला, आणि तो आकडा तिथल्या सरकारने मान्य केला. त्या बेटावर काही भागांत वीज यायला वर्ष होत आलं होतं. विजेवाचून ऑक्सिजनचं यंत्र थांबतं, डायलिसिस चुकतं, इन्सुलिन तापतं. वाडीत अशी माणसं कोण, त्यांना तालुक्याला कोण नेणार, हे पावसाळ्याआधी वहीत लिहिलेलं हवं. इन्सुलिन ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात, पाणी लागू न देता ठेवलं तर निभतं. फ्रीज न उघडता ठेवला तर चारेक तास थंड राहतो.

गावाने हात हलवायचे नाहीत असं मी म्हणत नाही. खांब रानात न्यायला गाडी जात नाही, तिथे खांदे गावचेच लागतात. रस्त्यावर आडवी झालेली झाडं कोयता-करवतीने तोडा, फक्त तारेला टेकलेलं झाड सोडा. मोडलेल्या खांबांवरचे नंबर लांबूनच टिपून ठेवा, फोटो काढा, रेंज मिळेल तिथून पाठवा. टीमचा अर्धा दिवस दोष शोधण्यात जातो, तो वाचतो. आणि लाइन चार्ज करण्याआधी लाइनमन विचारतो, ‘कोणाचा जनरेटर चालू आहे काय?’ तेव्हा घरोघर फिरून बघून त्याला उत्तर देईल असा एक माणूस प्रत्येक वाडीने आधीच ठरवून ठेवावा.