पेनीवरचा लांब क्रूस: एका प्रतिक्रियेला उत्तर

लेख इतक्या बारकाईने वाचून आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या पेनीवरील, म्हणजे चांदीच्या लहान नाण्यावरील, क्रूस कडेपर्यंत नेण्यामागे, कड कातरून चांदी चोरणाऱ्यांना आळा घालण्याचा हेतू होता, असे मी लिहिले होते. त्यावर आपले आक्षेप तीन: क्रूस हे निव्वळ धर्मचिन्ह आहे, छायाचित्रातले नाणेच कातरलेले दिसते आणि उपाय खरोखर लागू पडला असता तर १२७९ मध्ये सगळी नाणी नव्याने पाडावी लागली नसती.

क्रूस धर्मचिन्ह आहेच. पण ११८० पासूनच्या पेनीवरही तो होता, फक्त आतल्या वर्तुळात मावणारा, आखूड. तिसऱ्या हेन्रीच्या काळात, १२४७ साली, त्याच्या भुजा कडेला नेऊन भिडवल्या गेल्या, आणि हा बदल केवळ श्रद्धेने उलगडत नाही. चारही टोके शाबूत आहेत की नाहीत, हे अक्षरशत्रू गिऱ्हाइकालाही नाणे हातात घेताच कळत असे.

छायाचित्र पुन्हा पाहावे. क्रूसामुळे मागची अक्षरे ‘सिवि’, ‘टास’, ‘लॉन’, ‘डॉन’ (लॅटिनमध्ये ‘लंडन शहर’) अशी चार भागांत विभागली आहेत. ‘डॉन’ची अक्षरे अर्धवट आहेत हे खरे, पण समोरच्या ‘टास’पलीकडे बाहेरच्या ठिपक्यांच्या वर्तुळाबाहेर कोरी चांदी शिल्लक आहे. कातरणाऱ्याने ती कशाला सोडली असती? खालचा ठसा ओंडक्यात रोवलेला, वरचा हातात धरलेला, अशा वेळी चकती जराशी सरकली तरी छाप एका बाजूला जातो. शिवराई जमवणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. ‘श्री राजा शिव’ ही अक्षरे पूर्ण उमटलेली शिवराई सहजी हाती लागत नाही.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. क्रूसामुळे चोरी ओळखता येत होती, थांबत नव्हती; चांगल्या नाण्यांची चणचण असली की लोक कातरलेलेही मुकाट्याने घेत. तीस वर्षांत चलन पुन्हा हलके झाले. १२७८ च्या नोव्हेंबरात नाणी कातरल्याच्या आरोपाखाली इंग्लंडभर ज्यूंची धरपकड झाली आणि पुढच्या काही महिन्यांत त्यांच्यापैकी अडीचशेहून अधिक जणांना फाशी दिले गेले. आरोप ख्रिस्ती सोनारांवरही होते, पण शिक्षेचा भार कोणावर पडला हे उघड आहे, आणि या प्रकरणाकडे केवळ चलनशुद्धी म्हणून पाहणे मला पटत नाही. १२७९ च्या नव्या पेनीवरून टांकसाळीच्या कारागिरांची नावे गेली, पाव पेनीचे गोल नाणे आले, पुढच्या वर्षी अर्ध्या पेनीचेही, त्यामुळे पेनी क्रूसाच्या रेषेवर तोडून सुटे करण्याची गरज उरली नाही. क्रूस निरुपयोगी ठरला असता तर तो काढायला हीच वेळ होती. तो मात्र कडेपर्यंत तसाच ठेवला गेला.