डांगे आधी संपादक होते

गेल्या महिन्याभरात एकच मजकूर मला पाच जणांनी पाठवला. सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर आला, शेवटी मावशीनेही पाठवला. थोडक्यात तो असा: पूर्वीचे मराठी संपादक राजकारणापासून चार हात लांब असत. पत्रकाराने खासदार व्हायचं ही लागण गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली. असे पत्रकार लोकांतून निवडून येत नाहीत, मागल्या दाराने राज्यसभेत जातात. तिथे गेल्यावर भाषणापलीकडे त्यांच्या हातून काही होत नाही. म्हणून पत्रकारांना निवडणूक लढवायला कायद्याने बंदी घाला. आणि खाली बाळशास्त्री जांभेकरांचं चित्र.

पाठवणाऱ्यांचा राग मला कळतो. पैसे घेऊन छापलेली बातमी वाचली की माझंही डोकं फिरतं. पण मी परळला वाढले. आजोबा गिरणीत विणकाम खात्यात होते. घरी डांग्यांचं नाव निघालं की ते ‘कॉम्रेड’ म्हणत आणि आंबेडकरांचं निघालं की ‘बाबासाहेब’. हे दोघेही वर्तमानपत्र काढून राजकारणात उभे राहिलेले, आणि या मजकुरात दोघांनाही जागाच नाही. म्हणून एकेक विधान घेऊन उत्तर देते.

आधी ‘पूर्वीचे संपादक राजकारणापासून लांब असत’ हे. जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं ६ जानेवारी १८३२ला, इथे मुंबईतच. तेव्हा निवडून जायला ना कायदेमंडळात जागा होती, ना आपल्या माणसांना मत होतं. ते राजकारणात नव्हते हे खरं, पण त्यावरून पुढच्या शंभर वर्षांचा नियम कसा काढायचा? पुढच्या पिढ्यांकडे बघा. ‘दीनबंधू’ मुंबईत आणून चालवणारे नारायण मेघाजी लोखंडे १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा घेत होते, सह्यांचं निवेदन देत होते. १० जून १८९० रोजी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्याच लढ्यातून. ‘केसरी’चे टिळक १८९५ साली मुंबई कायदेमंडळावर निवडून गेले होते. १९०८च्या जून महिन्यात त्यांना क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहातून पकडून नेलं ते दोन अग्रलेखांसाठी. २२ जुलैला मुंबई हायकोर्टात सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरण्यांतले कामगार सहा दिवस संपावर गेले. संपादक आणि पुढारी असे टिळकांचे दोन तुकडे त्या कामगारांनी केले नव्हते.

आता डांगे. त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आज ते फक्त लाल बावट्याचे पुढारी म्हणून लोकांना आठवतात. श्रीपाद अमृत डांगे, जन्म १८९९, नाशिक जिल्ह्यातल्या करंजगावचे. मुंबईला विल्सन कॉलेजात आले आणि बायबलच्या सक्तीच्या तासांविरुद्ध चळवळ केली म्हणून तिथून काढले गेले. १९२१ साली गांधी आणि लेनिन यांच्या वाटांची तुलना करणारी एक पुस्तिका लिहिली. ती वाचून रणछोडदास लोटवाला नावाचे पिठाच्या गिरणीचे मालक त्यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि ऑगस्ट १९२२मध्ये डांग्यांनी मुंबईतून ‘सोशलिस्ट’ हे इंग्रजी साप्ताहिक सुरू केलं. वय तेवीसही पुरं नव्हतं. तोवर ना कामगार संघटना हाताशी होती, ना पक्ष. हाती होतं ते एवढं साप्ताहिक. १९२४ साली कम्युनिस्टांवरच्या कानपूर कटाच्या खटल्यात चार वर्षांची सक्तमजुरी झाली. सुटून आले आणि १९२८चा संप आला. सुमारे दीड लाख कामगार, सहा महिने गिरण्या बंद. त्या संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली, आणि तिच्या बरोबरीने ‘क्रांती’ हे मराठी साप्ताहिक चाळीचाळींतून फिरत होतं. आजोबांना तो संप आठवण्याइतकं कळत होतं. ते सांगायचे, की ज्याला वाचता येई तो जिन्यात बसून मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे.

१९२९च्या मार्चमध्ये मीरत कटात पुन्हा अटक झाली, आणि १९३३ साली बारा वर्षांची शिक्षा. अपिलात ती कमी झाली. पण लिहिण्याला आणि संघटनेला धरून गेलेली ही वर्षं मोजा आणि मग सांगा, हा माणूस पत्रकारितेतून कंटाळून खुर्चीसाठी राजकारणात आला का?

आंबेडकरांचंही तसंच. ‘मूकनायक’चा पहिला अंक ३१ जानेवारी १९२०चा, कचेरी परळला. मदतीला शाहू महाराजांचे अडीच हजार रुपये होते. पैसे देऊ केले तरी ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. ज्या जुन्या निःपक्षपाती वर्तमानपत्रांच्या आठवणीने हा मजकूर गहिवरतो, त्यांच्या काळात एका मोठ्या समाजाच्या पत्राला जाहिरातीचीसुद्धा जागा मिळाली नव्हती. पुढे महाडचा सत्याग्रह २० मार्च १९२७ला झाला आणि ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिलला निघालं. मधे दोन आठवडे. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेबांनी एकहाती लिहून काढले. त्याच वर्षी ते मुंबई कायदेमंडळात नेमलेले सभासदही होते. वर्तमानपत्र, सत्याग्रह आणि कायदेमंडळ ही तिन्ही कामं एकाच माणसाच्या एकाच वर्षात बसली होती.

आणखी नावं आहेत. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ या इंग्रजी दैनिकाचे संपादक हॉर्निमन होमरूलच्या, म्हणजे स्वराज्याच्या, चळवळीत होते आणि सरकारने त्यांना एप्रिल १९१९मध्ये देशाबाहेर घालवलं. आज हॉर्निमन सर्कलच्या बागेत डबा खाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? प्रबोधनकार ठाकरे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात होते. आचार्य अत्र्यांनी १५ नोव्हेंबर १९५६ला ‘मराठा’ दैनिक सुरू केलं ते त्याच लढ्यासाठी, आणि पुढच्याच वर्षी ते विधानसभेत निवडून गेले. वीस-पंचवीस वर्षांची लागण म्हणायची तर ही सगळी माणसं कुठे ठेवायची?

दुसरं विधान: पत्रकार लोकांतून निवडून येत नाहीत. १९५७च्या लोकसभेला डांगे मुंबई शहर मध्य मतदारसंघातून निवडून आले. तो दोन जागांचा मतदारसंघ होता, आणि दुसरी जागा शेड्युल्ड कास्ट फेडरेशनच्या, म्हणजे बाबासाहेबांनी काढलेल्या पक्षाच्या, उमेदवाराने जिंकली. दोघेही संयुक्त महाराष्ट्र समितीचे. १९६२ साली डांगे हरले, १९६७ला परत लोकसभेत गेले. ‘लोकसत्ता’चे माजी संपादक आणि संगीत नाटकांचे लेखक विद्याधर गोखले १९८९ साली मुंबई उत्तर-मध्यमधून शिवसेनेचे खासदार झाले. त्यांच्या राजकारणाशी माझं जमत नाही, पण ते मतपेटीतूनच आले हे मान्य करायला हवं.

पराभवही सांगते, कारण तोही खऱ्या निवडणुकीचाच भाग. १९५२ साली मुंबई उत्तरमधून बाबासाहेब सुमारे चौदा हजार मतांनी हरले. त्याच मतदारसंघात डांगेही उभे होते, तेही हरले. दोघांत तेव्हा कडवट वैर होतं, आणि निकालानंतर बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणूक याचिकाही केली. मला हा भाग लिहिताना त्रास होतो, कारण घरात दोघांचंही प्रेम होतं. पण मतदारापुढे उभं राहून हरण्याची तयारी या दोन्ही संपादकांत होती, हे त्यातूनच दिसतं.

राज्यसभेबद्दल मजकुरात आणखी एक गोंधळ आहे. राष्ट्रपतींनी नेमलेले बारा सदस्य वेगळे. घटनेच्या कलम ८०मध्ये त्यांच्यासाठी साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा ही क्षेत्रं दिली आहेत. बाकीचे सदस्य राज्यांच्या विधानसभांतले आमदार निवडतात. संजय राऊत, भारतकुमार राऊत, कुमार केतकर हे तिघेही पत्रकारितेतून आले आणि आमदारांच्या मतांनी राज्यसभेत गेले, नेमणुकीने नव्हे. शिवाय २००३च्या दुरुस्तीपासून हे मतदान उघड होतं, कोणत्या आमदाराने कोणाला मत दिलं हे त्याच्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावं लागतं. या तिघांचं म्हणणं कोणाला पटो न पटो, मागलं दार हा शब्द इथे लागू होत नाही. पक्षाने तिकीट का दिलं हा प्रश्न जरूर विचारा. तो वकील, उद्योगपती आणि नट यांच्याबद्दलही विचारायला हवा.

तिसरं विधान, की राजकारणात गेलेला पत्रकार नुसता बोलतो, याच्यावर मी सगळ्यात जास्त चिडले.

१९२८च्याच संपाकडे परत जाते. त्या वेळी गिरण्यांत विणकाम खात्यात दलित कामगारांना घेत नसत. तुटलेला धागा जोडताना तो तोंडाने ओला करावा लागे आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटे. विणकामाला पगार जास्त, म्हणजे विटाळाच्या नावाखाली पगारही अडवलेला. संपाच्या मागण्यांत हा प्रश्न घ्या, असं आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावलं. कामगारांची एकजूट म्हणता, मग आधी तुमच्या खात्याचं दार उघडा, हा त्यांचा मुद्दा. हे ज्याला दिसत होतं तो माणूस महिन्यामागून महिने याच जखमेवर लिहीत होता. आजोबा त्याच खात्यात होते आणि जातीने सवर्ण. ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज खाली जायचा.

दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ला, हेच डांगे आणि हेच आंबेडकर एका व्यासपीठावर आले. मुंबई सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणलं होतं, संप करण्याच्या हक्कावर त्याने बंधनं येत होती. आंबेडकरांनी कायदेमंडळात त्याला विरोध केला, बाहेर एक दिवसाचा संप झाला आणि परळच्या कामगार मैदानात सभा भरली. आदल्या वर्षी आंबेडकरांनी खोती पद्धत, म्हणजे गावचा खोत कुळांकडून सारा वसूल करतो ती पद्धत, मोडण्याचं विधेयकही मांडलं होतं, जे कोकणातल्या कुळांसाठी होतं. परळ-लालबागच्या चाळींतली निम्मी माणसं त्याच कुळांच्या घरची. विधेयक, मोर्चा, युनियनची पावती, खटल्यातली शिक्षा: भाषणापलीकडलं काम म्हणजे आणखी काय असतं?

डांगे दिल्लीला गेल्यावरही मुंबईचा प्रश्न घेऊनच गेले. ५७ ते ६० ही वर्षं समितीच्या खासदारांनी संयुक्त महाराष्ट्राची मागणी लोकसभेत लावून धरली, आणि १ मे १९६०ला मुंबईसह राज्य झालं. सगळं श्रेय एकट्या डांग्यांचं नाही, माणसं रस्त्यावर मेली तेव्हा ते झालं. पण रस्त्यावरची मागणी लोकसभेच्या भाषेत मांडायला असा माणूस लागत होता, ज्याला दोन्ही भाषा येत होत्या. डांग्यांना ती सवय तेवीस वर्षांचे व्हायच्या आधीपासून होती.

त्यांच्या चुका नव्हत्या असं मी म्हणत नाही. आणीबाणीला त्यांनी पाठिंबा दिला, आणि १९८१ साली त्यांच्याच पक्षाने त्यांना काढून टाकलं. आणीबाणीत वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला होता. ज्याने लिहिण्यापायी तुरुंग भोगला त्याने त्या काळाची बाजू घेतली, हे मला आजही पचत नाही. पण या चुका पत्रकार असल्यामुळे झाल्या की राजकारणी असल्यामुळे, याचा निकाल त्या मजकुरासारखा एका ओळीत लागत नाही.

आता शेवटची मागणी, कायद्याने बंदी. संपादकाने राजकारणात पडू नये ही मागणी आपल्या देशात आधी कोणी केली? परकीय सरकारने. १८७८चा देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचा कायदा, १९१०चा प्रेस अ‍ॅक्ट, टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला, हॉर्निमनची हद्दपारी, कानपूर आणि मीरत, सगळ्यांत तीच भूमिका आहे. आज घटनेत लोकसभेसाठी वय, नागरिकत्व आणि शपथ या अटी आहेत. अपात्रतेच्या यादीत सरकारी लाभाचं पद आहे, खासगी वर्तमानपत्रातली नोकरी नाही. तीत पत्रकार घातला तर उद्या शिक्षक, परवा वकील. आणि पक्षाकडून गुपचूप पैसे घेऊन लिहिणारा, जो कधीच उमेदवारी अर्ज भरत नाही, तो या बंदीतून साफ सुटतो. पेड न्यूजबद्दल प्रेस कौन्सिलच्या उपसमितीचा अहवाल २०१०मध्ये आला, त्यात दुखणं नेमकं हेच होतं: वाचकाला न सांगता विकलेली जागा. डांग्यांच्या साप्ताहिकाच्या नावातच त्यांची बाजू होती. ‘मूकनायक’ कोणासाठी आहे हे विचारायची कोणाला गरज पडली नाही.

मावशीला मी फोनवर हेच सांगितलं. ती म्हणाली, मग आत्ताच्यांचं काय करायचं, तेही सांग. तर माझी मागणी अशी. नोकरीत असलेल्या पत्रकाराने कोणत्याही पक्षाच्या तिकिटासाठी बोलणी सुरू केली, की त्याने राजकीय बातम्या लिहिणं थांबवावं. अर्ज भरायच्या आधी राजीनामा द्यावा. आणि त्याच्या वर्तमानपत्राने किंवा चॅनेलने हे त्याच दिवशी पहिल्या पानावर किंवा मुख्य बातमीपत्रात सांगावं. हे लिहिलेला कागद कोणी फिरवला तर मी सही करीन, आणि मावशीही करणार आहे.